गायरानावर गावाचे देशी रान

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांच्या शिवेवर गायरानाचा एखादा तुकडा असतो. जमीन मुरमाड, उताराची. पावसाळ्यात हिरवी आणि फेब्रुवारीनंतर उघडीबोडकी. बैलांची कामे ट्रॅक्टरकडे गेली, दुभती जनावरे दावणीला बांधून ओल्या चाऱ्यावर पोसली जाऊ लागली आणि अनेक गावांत गायरानावर चरायला जाणारी गुरे कमी झाली. जागा मात्र मोकळी राहिली नाही. कुठे मुरूम उपसला गेला, कुठे कचरा पडू लागला, कुठे कडेच्या शेताचा बांध दरवर्षी हातभर पुढे सरकत गेला. अशा जमिनीवर गावाच्या ताब्यातले, देशी झाडांचे आणि बाहेरच्या माणसांनाही पाहता येईल असे रान उभे करता येते. काम दहा-पंधरा वर्षांचे आहे आणि त्याला क्रम आहे. आधी जमिनीची पारख, मग कागद आणि गावाचा आपसातला करार, मग चराईची व्यवस्था, मग पाणी, आणि या सगळ्यानंतर रोपे. क्रम उलटा धरला की काय होते, ते जागोजागच्या रिकाम्या खड्ड्यांतून दिसते. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचे उद्दिष्ट २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी असे चढत गेले. हे आकडे लावायच्या रोपांचे होते. गावाने आकडा ठेवायचा तो दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या झाडांचा.

रान हवे की माळ?

सोलापूर, अहिल्यानगर, बारामती-इंदापूर, माण-खटाव या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले कित्येक माळ मुळातच गवताचे आहेत. सरकारी दप्तरात त्यांची नोंद अनेकदा 'पडीक' अशी असते, आणि पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. प्रत्यक्षात माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल, खोकड, लांडगा, काळवीट हे सगळे जीव मोकळ्या गवतावर जगतात. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य झाले; त्या पक्ष्याला दूरवर नजर जाईल असा माळच लागतो. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्या-पिलांवर कावळे आणि शिकारी पक्षी टपलेले असतात. माळावर उंच झाडे आली की त्यांना टेहळणीला जागा मिळते. अशा माळावर दाट लागवड करणे म्हणजे एक नांदते घर मोडणे होय, आणि ते टाळलेच पाहिजे. माळ पाहायलाही माणसे येतात. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ प्रदेशात वन विभागाने २०२४ मध्ये सफारी सुरू केली, ती गवत आणि त्यातले प्राणी दाखवण्यासाठीच.

तेव्हा आपले गायरान कोणत्या जातीचे आहे ते आधी ओळखावे. पहिल्या दोन पावसांनंतर जमीन पायी फिरून पाहिली की पुष्कळ कळते. गुडघाभर उंचीची, कुरतडलेली, एकाच बुडातून पाच-सहा फुटवे आलेली झुडपे दिसली तर ती नीट पाहावीत. वरून ती दोन वर्षांची वाटतात. बुडाशी उकरले की मनगटाएवढा, गाठाळ खुंट हाताला लागतो. हा पळस, खैर, धावडा, टेंभुर्णी किंवा हेंकळ असतो. वर्षानुवर्षे शेळ्यांनी शेंडा खाल्ल्याने तो वर आलेला नाही, पण खाली मुळे पूर्ण वाढलेली आहेत. असे खुंट हेक्टरी शे-दोनशे जरी सापडले तरी ते रान जमिनीखाली तयार आहे असे समजावे. ते वर येऊ देणे हे रोपांपेक्षा स्वस्त आणि कितीतरी खात्रीचे आहे.

मातीची खोलीही कुदळीने ठिकठिकाणी तपासावी. घळीच्या आणि ओढ्याच्या काठाने दीड-दोन फूट माती असते, तिथे मोठी झाडे तगतात. माथ्यावर चार बोटे मातीखाली कठीण मुरूम, पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आत, खुंट नाहीत आणि पवन्या, कुसळी, डोंगरी ही गवते दाट आहेत, असे असेल तर तो भाग माळ म्हणूनच राखावा. गावातल्या वयस्कर गुराख्यांना विचारावे की कुठे काय होते. त्यांच्या आठवणीत झाडांच्या जागा पक्क्या असतात. जुनी जिल्हा गॅझेटियर्सही उपयोगी पडतात. सर्वांत चांगला नमुना म्हणजे जवळची देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांपुढे ठेवले. त्याच पावसाच्या, त्याच उंचीवरच्या देवराईत कोणती झाडे कोणाच्या सावलीत उभी आहेत, हे एकदा लिहून काढले की लागवडीची यादी जवळजवळ तयार होते. शेवटी गावनकाशाच्या प्रतीवर तीन रंग भरावेत: माळ राहील तो भाग, आपोआप रान होईल तो भाग, आणि लागवड लागेल तो भाग. बहुतेक गायरानांत तिसरा रंग सर्वांत कमी भरावा लागतो.

कागद आणि करार

गायरान गावाने वापरले तरी ती जमीन सरकारी असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार अशा जमिनी चराई, चारा, सरपण यांसारख्या कामांसाठी राखून ठेवल्या जातात, आणि कलम २३ नुसार मोफत चराईचा हक्क ज्या गावाला ती जमीन दिली आहे त्याच गावाच्या गुरांना असतो. वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. म्हणून तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा काढून, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड उभे करणे ही पहिली पायरी. मोजणीशिवाय एकही खड्डा घेऊ नये. पाच वर्षांनी वाढलेले रान शेजाऱ्याच्या गटात निघाले तर त्याचे दुःख मोठे असते.

जमीन कागदोपत्री वन असेल तर रस्ता वेगळा. पूर्व विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी प्रत्यक्षात चराईच्याच होत्या; सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या वनजमिनी असल्याचे स्पष्ट केले. वनजमिनीवर ग्रामसभेला वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने हा हक्क २००९ मध्ये मिळवला. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला तो २०१२ मध्ये मिळाला आणि तिथल्या गावकऱ्यांनी उजाड झालेला डोंगर पुन्हा हिरवा केला. हक्काचा कागद हातात असला की राखणीला जोर येतो, हे या गावांनी दाखवले आहे.

अतिक्रमणाचा विषय नाजूक आहे आणि तो टाळून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसारख्या अपवादात्मक प्रकरणांना वेगळे धरले आहे. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबांचा जमिनीच्या हक्कासाठीचा लढा जुना आहे. दोन एकरांवर पोट भरणाऱ्या कुटुंबाला झाडांच्या नावाखाली उठवणे हा अन्याय आहे, आणि असे रान टिकतही नाही. मोठ्या बागायतदाराने सरकवलेला बांध आणि भूमिहीनाची पेर यांतला फरक ग्रामसभेने ठरावात उघडपणे करावा.

ठराव ग्रामसभेचा हवा. नुसता ग्रामपंचायतीचा पुरत नाही. त्यात क्षेत्र, नियम, कोणी काय नेऊ शकेल, पैशाचा हिशेब कोण ठेवील आणि वाद कोणापुढे जाईल हे लिहावे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक गावांत ती कागदावरच असते. हे काम त्याच समितीकडे दिले तर नवी समिती काढावी लागत नाही.

चराई

सगळे यश-अपयश इथे ठरते. हिवरे बाजारने १९८९ नंतर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली. राळेगणसिद्धीचा अनुभवही त्याच वाटेचा आहे. गुरे आत नाहीत, विळा आत आहे, हे सूत्र गायरानाला नेमके लागू पडते. मोकाट चराईत गवत रोपावस्थेतच खाल्ले जाते. तेच गवत पावसाळाभर वाढू दिले तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरपूर चारा हाती येतो, आणि तो घराघरांत वाटता येतो.

तरीही संपूर्ण गायरान एका दिवशी बंद करू नये. एक तृतीयांश भाग तीन ते पाच वर्षे बंद, बाकीचा खुला. बंद भागातली झाडे शेळीच्या तोंडापलीकडे गेली, म्हणजे सहा-सात फुटांवर पोचली, की पुढचा भाग बंद करायचा. बंदीची झळ कोणाला लागते ते आधी मोजावे. चार म्हशींचा गोठा असणाऱ्याला ती जाणवत नाही. सात-आठ शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला पहिल्या आठवड्यात जाणवते. बैठकीत मात्र बोलतो तो म्हशीवाला. म्हणून शेळ्या पाळणाऱ्या बायकांची बैठक वेगळी घ्यावी, त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांच्या आळीत. बंद भागातल्या गवताच्या कापणीत पहिला वाटा त्यांना द्यावा, आधीच उभ्या असलेल्या सुबाभळीचा छाटलेला पाला त्यांना नेऊ द्यावा, आणि राखणीची मजुरी देता आली तर त्यांच्यातल्याच कुणाला द्यावी.

धनगर मेंढपाळांचा प्रश्न याहून अवघड आहे. दिवाळीनंतर कोकणाकडे जाणारे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतणारे वाडे वाटेत गायरानांवर थांबतात. कायद्याने गायरान त्या गावाच्याच गुरांचे असले तरी ही वहिवाट पिढ्यांची आहे. त्यांची वाट, मुक्कामाची जागा आणि पाणी नकाशावर दाखवून खुले ठेवावे. वाट अडवली तर रात्रीतून कुंपण तुटते, आणि तुटण्याचे कारणही रास्त असते.

कापणीचे गणित सोपे आहे. गवत फुलोऱ्यात असताना चारा सकस असतो, पण तेव्हाच सगळे कापले तर बी पडत नाही. बंद भागाचे पट्टे पाडून दर वर्षी एक पट्टा बी गळेपर्यंत उभा ठेवावा आणि तो पट्टा दर वर्षी बदलावा. कोणाला कोणता पट्टा ते चिठ्ठ्या टाकून ठरवले की कुरबुर राहत नाही.

तारेचे कुंपण महाग असते, चोरीला जाते आणि त्यात ससे-खोकड अडकतात. दगडाचा गडगा किंवा काटेरी जिवंत कुंपण बरे: सागरगोटा, करवंद, चिल्हार, शिकेकाई, आणि आतल्या अंगाला निरगुडी. ते उभे राहायला तीन पावसाळे लागतात. तोवर बोराच्या-बाभळीच्या काट्या रचाव्या लागतात आणि राखणदार लागतो.

पाणी आणि माती

उतारावर पाणी थांबल्याशिवाय मुरमात झाड धरत नाही. समतल चर त्यासाठीच, पण ते खरोखर समतल हवेत. चर जरा जरी कलला तरी पाणी एका टोकाला जमते, तिथला भराव फुटतो आणि नवी घळ तयार होते. यासाठी महाग यंत्र लागत नाही, ए-फ्रेम पुरते. साधारण दोन मीटरच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला घट्ट बांधायच्या, पाय दीड-दोन मीटर फाकवायचे, मध्ये एक आडवी काठी बांधायची आणि वरच्या गाठीतून दोऱ्याला दगड लावून ओळंबा सोडायचा. आता दोन खुणा करून त्यांवर पाय टेकवायचे आणि दोरा आडव्या काठीवर जिथे टेकतो तिथे रेघ मारायची. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करायची आणि पुन्हा रेघ मारायची. दोन रेघांच्या बरोबर मध्ये जी तिसरी रेघ येते, ती समपातळीची. मग उतारावर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवायचा. दोरा मधल्या रेघेवर आला की तिथे फक्कीची चिमूट टाकून पुढे जायचे. शाळेतली सातवी-आठवीची मुले हे अर्ध्या तासात शिकतात आणि मोठ्यांपेक्षा अचूक करतात.

चर साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल. माती खालच्या अंगाला रचावी. जेसीबीने काम पटकन होते, पण तो गवताची गादी आणि खुंट दोन्ही उपटतो. खुंट असलेल्या भागात त्याला येऊ देऊ नये. ज्या उतारावर गवत दाट आहे तिथे चरांची गरजही कमी असते, कारण गवतच पाणी अडवते. घळींत अनघड दगडी बांध घालावेत, वरून खाली या क्रमाने. ही कामे रोजगार हमीतून करता येतात, आणि मजुरी गावातच राहते.

बी, फांदी, रोप

आपोआप येणाऱ्या झाडांना एक पावसाळा द्यावा. मगच कुठे काय कमी आहे ते कळते. खुंटांच्या पाच-सहा फुटव्यांपैकी दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटावेत. दोन-तीन वर्षांत झाड डोक्यावर जाते.

कोणती झाडे, याचे उत्तर पाऊस देतो. कमी पावसाच्या मुरमाड उतारावर हिवर, खैर, बोर, पळस, मोई, सालई, गणेर, मेडशिंग, आपटा, बेल, हिंगणबेट. जरा मातीच्या जागी कडुनिंब, वावळ, भोकर, शिवण, बहावा. खानदेशाच्या खडकाळ भागात अंजन. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, पाऊस वाढत जातो तसे ऐन, धावडा, बेहडा, हिरडा, आवळा, कुंभा, जांभूळ आणि अंजनी. ओढ्याकाठी करंज, उंबर, अर्जुन. झुडपे यादीतून नेहमी गळतात. धायटी, मुरुडशेंग, गेळा, तोरण, करवंद, लोखंडी यांच्याशिवाय रान पोकळ राहते. रोपे या झुडपांच्या आडोशाला लावली तर शेळ्यांपासून आणि उन्हापासूनही वाचतात.

बी त्याच पावसाच्या पट्ट्यातले, आणि एकाच झाडाऐवजी अनेक झाडांखालचे गोळा करावे. सगळे उचलू नये. मुंग्या, पक्षी, उंदीर यांचाही त्यावर हक्क आहे. जांभळाची बी, लिंबोळी आणि मोहाचे बी फार टिकत नाही. गर काढून काही दिवसांतच पेरावे. बहाव्याच्या बियांचे टरफल कठीण असते. त्यांची कड कानशीने किंचित घासून किंवा गरम पाण्यात टाकून त्या रात्रभर भिजवाव्यात. खैराच्या शेंगा कीड लागण्याआधी, वाळू लागताच तोडाव्यात. पळसाची चपटी शेंग मे-जूनमध्ये गळते, ती तशीच चराच्या भरावावर टोकता येते. पळस, खैर, बोर, हिवर थेट बियांपासून लावलेलेच बरे, कारण पिशवीत त्यांचे सोटमूळ वळसे घेते आणि मुरमात खाली जाण्याची त्याची ताकद कमी होते. सालई, मोई आणि पांगारा यांच्या मनगटाएवढ्या जाडीच्या लांब फांद्या पावसाळ्याच्या तोंडाला रोवल्या की फुटतात. वड-पिंपळाचेही तसेच.

रोपवाटिकेतले रोप लावायचे तर दीड-दोन वर्षांचे, तीन-चार फुटी आणि खोडाने जाड असे घ्यावे. खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन तापू द्यावेत. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच. ऑगस्टअखेरची लागवड फोटोपुरतीच होते. अंतराचा प्रश्नही इथेच येतो. सरकारी अंदाजपत्रकात तीन बाय तीन मीटर, म्हणजे हेक्टरी ११११ रोपे धरण्याची पद्धत आहे. सांगोला-जतच्या माळाला इतकी झाडे झेपत नाहीत. तिथे ओळींऐवजी मातीच्या जागा पाहून दहा-पंधरा रोपांचे पुंजके करावेत आणि मधे गवत राहू द्यावे. शहरांत लोकप्रिय झालेली मियावाकी पद्धत, ज्यात चौरस मीटरला तीन-चार रोपे दाटीने लावतात, ती गायरानासाठी नाही. तिला खोल भुसभुशीत माती, भरपूर खत आणि दोन-तीन वर्षे नियमित पाणी लागते. तेवढ्या खर्चात पंधरा-वीस पट क्षेत्राची राखण होते.

पहिले दोन उन्हाळे रोपाला पंधरवड्यातून एकदा घागरभर पाणी, बुडाशी वाळल्या गवताचे आच्छादन आणि भोवती दगडांचे आळे. तिसऱ्या वर्षी पाणी बंद. ज्याला त्यानंतरही पाणी लागते ते झाड त्या जागेचे नव्हते.

परकी झाडे आणि वणवा

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते लवकर वाढते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत, टेकडी पटकन हिरवी दिसते. पुढे त्याचे दाट गचपण झाले आणि त्याखाली ना गवत उरले ना देशी रोपांना जागा. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, काशीद यांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच. नव्या लागवडीत यांतले एकही नको, कोणी फुकट दिले तरी. आधीच असतील तर मात्र एकदम तोडू नयेत. दरवर्षी फुलण्याआधी एक भाग विरळ करून त्या जागी देशी झाडे वर आणावीत. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांनी मांडलेली पद्धत गुणकारी आहे: वरून न छाटता मुळाचा गड्डा जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरांवर तोडायचा आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा फुटत नाही. पुढचे दोन पावसाळे बियांतून येणारी रोपे हाताने उपटावी लागतात.

चराई थांबली की गवत वाढते, आणि वाढलेले गवत फेब्रुवारीपासून पेटते. एक वणवा पाच वर्षांचे काम नेतो. जानेवारीअखेरपर्यंत रस्त्याच्या, शिवेच्या आणि पायवाटांच्या कडेने चार-पाच मीटर रुंदीच्या जाळरेषा काढाव्यात. तिथले गवत चारा म्हणून आधीच कापून नेलेले असले तर काम निम्मे होते. वणवे बहुधा माणसेच लावतात: गवत चांगले फुटते या समजुतीने, बांध जाळताना, मधाचे पोळे काढताना, विडीच्या थोटकाने. कोण आणि का लावतो हे गावाला माहीत असते. त्याच्याशी जानेवारीतच बोलावे. फेब्रुवारी ते मे दुपारच्या पाळीला दोन माणसे उंचावर बसलेली असावीत, आणि झोडपायला ओल्या डहाळ्या, फावडी आणि पाण्याचे पंप कुठे ठेवले आहेत हे सगळ्यांना ठाऊक असावे.

पाहुण्यांसाठी

रान खुले करण्याची घाई नको. पहिली चार-पाच वर्षे शाळेची मुले, अभ्यासक आणि गावचे लेकी-जावई यांच्यापुरतेच ते असावे. नंतरही सगळे क्षेत्र खुले नसावे. एक गाभा, शक्यतो घळीचा आणि पाण्याजवळचा, कायम बंद ठेवावा.

कास पठाराचा अनुभव इथे शिकण्यासारखा आहे. पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि गर्दी लोटली. भोवतालच्या गावांच्या वन समित्यांनी प्रवेशशुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३,००० लोकांची मर्यादा अशी व्यवस्था बसवली. त्यातून गावच्या तरुणांना काम मिळाले. संरक्षणासाठी लोखंडी जाळीचे कुंपणही घातले होते. पण कुंपणाने गुरेही थांबली, उंच गवत वाढले, आणि फुले कमी होत असल्याची तक्रार गावकरी आणि अभ्यासक करू लागले. पुढे ते कुंपण काढले गेले. गुरांची हलकी, हंगामी चराई काही ठिकाणी शत्रू नसते. रान सावरल्यावर पौष-माघात मोजकी गुरे-मेंढ्या माळाच्या भागात सोडणे वणव्याच्या दृष्टीनेही फायद्याचे ठरते.

पायवाट एकच असावी, दोन-तीन किलोमीटरची, सुरुवातीच्याच जागी परत येणारी. ती उताराला आडवी, वळणावळणाने न्यावी. सरळ चढणारी वाट पहिल्याच पावसात ओहोळ होते. रुंदी दोन माणसे शेजारी चालतील एवढी. पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट नको; मुरूम, आणि जिथे पाणी वाट ओलांडते तिथे दगडी फरशी. सुरुवातीचा दोन-अडीचशे मीटरचा भाग सपाट आणि व्हीलचेअर जाईल असा ठेवला तर म्हाताऱ्या माणसांना आणि अपंगांनाही रान भेटते. वाहनतळ, स्वच्छतागृह आणि चहा-भाकरीची सोय गावात असावी. रानाच्या तोंडाशी टपऱ्या उभ्या राहू देऊ नयेत. आत कचरापेटी ठेवूच नये, कारण माकडे आणि कुत्री ती उपसतात. आणलेले परत न्यायचे हा नियम फाटकावरच सांगावा. ध्वनिक्षेपक, ड्रोन, मोकळी कुत्री, रात्रीचा प्रवेश आणि चूल पेटवणे यांना बंदी. मुसळधार पावसाच्या दिवसांत वाट बंद.

पैसा आला की सजावटीचा मोह येतो: लॉन, पुतळे, रंगीत प्राणी, सेल्फी पॉइंट, गुलमोहराच्या रांगा. देणगीदाराच्या नावाची पाटीही त्यातलीच. हे सगळे ठरावातच नाकारून ठेवावे, कारण ऐन वेळी नाही म्हणणे सरपंचाला अवघड जाते. पाट्या हव्यात त्या झाडांच्या, गावात चालणाऱ्या नावांनी, आणि शक्यतो गावच्या मुलांनी लिहिलेल्या. वाटाड्या गावचाच असावा. पक्ष्यांची इंग्रजी नावे त्याला नंतर शिकवता येतात. कोणत्या झाडाचा डिंक कधी काढतात आणि टेंभराचे फळ कधी गोड होते हे त्याला आधीच माहीत असते, आणि पाहुण्यांना तेच ऐकायचे असते.

गावकऱ्यांना प्रवेशशुल्क असू नये. करवंदे, बोरे, आवळे, पत्रावळीची पाने, औषधी मुळ्या यांपैकी काय आणि किती न्यायचे हे ग्रामसभा ठरवील. मुळासकट उपटायच्या वनस्पतींवर मात्र सक्त मर्यादा हवी. शुल्काचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून राखणीची मजुरी त्यातून आधी द्यावी, आणि हिशेब वर्षातून दोनदा चावडीवर लावावा.

नोंदी

दहा-बारा ठिकाणी दगड रोवून दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरून, त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. दहा बाय दहा मीटरचे काही चौकोन आखून त्यांतली झाडे, फुटवे आणि बियांतून आपोआप आलेली रोपे मोजावीत. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. बुलबुल, कोकीळ, तांबट, उदमांजर यांनी आणलेल्या बियांतून उंबर, बोर, भोकर उगवू लागले की लागवड थांबवून नुसती राखण चालू ठेवावी. माळाच्या भागात झाडे पसरू लागली असतील तर ती काढावीत. तीन रंगांचा तो नकाशा दर पाच वर्षांनी ग्रामसभेपुढे मांडून, प्रत्यक्ष जमीन फिरून, नव्याने भरावा आणि जुन्या नकाशासह नोंदवहीत लावून ठेवावा.